प्रवासाची खूण आणि सणाचे अंगण : जर्मनीतील जुन्या स्मरणवस्तू व लोकोत्सव

दूरच्या प्रवासाहून परतणाऱ्याने रिकाम्या हाताने घरी येऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. वेलंकनीहून आणलेली तेलाची कुपी, रोमहून आलेली रोजरी, पवित्र भूमीतील ऑलिव्हच्या लाकडाचा क्रूस अशा वस्तू आपल्या बहुतेक घरांत वेदीपाशी किंवा कपाटात जपून ठेवलेल्या असतात. आणणारी व्यक्ती हयात असते तोवर त्या बोलतात. ती गेली, की हळूहळू मुक्या होतात आणि एके दिवशी घराच्या साफसफाईत कुठेतरी निघून जातात.

हा विचार आमच्या मनात पक्का झाला तो मात्र आपल्या गावी नव्हे, तर जर्मनीतील म्युनिक शहरात. तेथील मारियाहिल्फ चर्चच्या भोवती वर्षातून तीन वेळा ‘आउअर दुल्ट’ नावाची जत्रा भरते. एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पत्र्याच्या पेटीत शे-दीडशे पवित्र चित्रे पडली होती. कोणतेही घ्या, एक युरो. आम्ही आल्टऑटिंगच्या मरियामातेचे एक लहानसे चित्र उचलले आणि उलटून पाहिले. मागे पेन्सिलीने जर्मन भाषेत लिहिले होते : ‘आईने आणले, १९५१’. ही आई कोण, असे आम्ही विक्रेत्याला विचारले. त्याने खांदे उडवले. एका बंद घरातील सारे सामान त्याने एकगठ्ठा घेतले होते, नाव त्याला ठाऊक नव्हते. ते चित्र आज आमच्याकडे आहे. त्याची किंमत एक युरो असली, तरी ‘आईने आणले’ हे दोन शब्द नसते, तर तेवढीही आम्हांला वाटली नसती.

जर्मनीत जुन्या प्रवासवस्तूंचा संग्रह हा अनेकांचा छंद आहे. शिक्षण, नोकरी वा तीर्थयात्रेच्या निमित्ताने आपल्याकडील लोकही तेथे जातात. त्यांना उपयोग व्हावा, तसेच घरी बसून वाचणाऱ्यांनाही त्या देशाच्या सणांची ओळख व्हावी, म्हणून हा लेख. त्यातील मुख्य सांगणे एकच आहे. वस्तू आणि सण यांची ताटातूट होऊ देऊ नये. सण ठाऊक नसेल तर वस्तू समजत नाही आणि वस्तूवर नाव, गाव, साल नसेल तर सणाची आठवण पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत नाही.

यात्रेकरूंची कथिलाची खूण

प्रवासाची खूण विकत घेण्याची प्रथा पर्यटनाच्या युगातील आहे, असा आपला समज असतो. वस्तुतः ती कित्येक शतके जुनी आहे. मध्ययुगात युरोपातील यात्रेकरू प्रत्येक तीर्थस्थानी शिसे व कथील यांच्या मिश्रणातून ओतलेली लहान बिल्लेवजा खूण घेत आणि टोपीवर किंवा अंगरख्यावर शिवून टाकीत. कोलोनच्या महामंदिरात पूर्वेकडील तीन राजांचे अवशेष ११६४ साली मिलानहून आणले गेले, तेव्हापासून ते मोठे यात्रास्थान बनले. तेथील खुणेवर अर्थातच तीन राजे असत. अशी खूण ल्यालेला मनुष्य यात्रेकरू आहे, हे वाटेवरच्या लोकांना पाहताक्षणी कळे. यातील बहुतेक खुणा नष्ट झाल्या. परंतु कित्येक ठिकाणी घंटा ओतणाऱ्या कारागिरांनी नव्या घंटेवर या खुणांचे ठसे उमटविले. मूळ बिल्ला गेला, तरी घंटेच्या अंगावरील ठशावरून तो कसा होता हे अभ्यासकांना समजले.

आखेन येथील यात्रेची गोष्ट तर सर्वांनी ऐकावी अशी आहे. सम्राट शार्लमेनच्या या नगरीतील महामंदिरात चार वस्त्रे पूज्य मानली जातात : पवित्र मरियेचा अंगरखा, बाळ येशूची बाळुती, क्रूसावरील प्रभूचे कटिवस्त्र आणि संत योहान बाप्तिस्मा याच्या शिरच्छेदाच्या वेळचे वस्त्र. १३४९ पासून दर सात वर्षांनी ती भाविकांना दाखविली जातात. अलीकडची यात्रा २०२१ मध्ये व्हायची होती, ती कोरोनाच्या साथीमुळे २०२३ मध्ये झाली. मध्ययुगात गर्दी इतकी लोटे, की सर्वांना जवळ जाणे अशक्य होई. म्हणून यात्रेकरू लहानसा आरसा बसविलेली खूण घेत आणि ती उंच धरीत. पवित्र वस्त्रांकडून येणारा प्रकाश आरशात साठतो आणि तो घरी नेता येतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

हे आरसे बनविण्यासाठी स्ट्रासबुर्ग शहरात काही भागीदार एकत्र आले. त्यांपैकी एकाचे नाव होते योहान गुटेनबर्ग. यात्रा १४३९ मध्ये आहे असे धरून त्यांनी काम हाती घेतले, पण प्लेगमुळे ती एक वर्ष पुढे गेली आणि पैसा अडकून पडला. त्यातच एक भागीदार मरण पावला आणि त्याचे भाऊ न्यायालयात गेले. त्या खटल्याच्या कागदपत्रांमुळेच हा व्यवहार आज आपल्याला ठाऊक आहे. पुढे सुमारे १४५५ साली मायन्झ येथे याच गुटेनबर्गने छापील बायबल पूर्ण केले. जगाला मुद्रणकला देणारा मनुष्य त्याआधी यात्रेतल्या स्मरणवस्तू बनवीत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे जत्रेतील दुकानाकडे तुच्छतेने पाहण्याची आपली सवय थोडी कमी होईल.

कागदाच्या तुकड्याभोवती उभे राहिलेले तीर्थ

स्मरणवस्तूचे मोल किती होऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण नेदरलँड्सच्या सीमेजवळील केवेलार हे गाव आहे. तीस वर्षांच्या युद्धाने तो मुलूख उद्ध्वस्त झाला होता. १६४१ च्या नाताळाच्या सुमारास हेंड्रिक बुसमान नावाचा गावोगाव माल विकणारा फेरीवाला तेथील क्रूसापाशी प्रार्थनेला थांबला असता, ‘या ठिकाणी माझ्यासाठी एक लहान मंदिर बांध’, असे शब्द त्याला ऐकू आले. काही काळाने त्याच्या पत्नीला रात्री प्रकाशात एक लहान देऊळ व त्यात मरियामातेचे चित्र दिसले. ते चित्र तिने ओळखले. काही सैनिकांनी तसेच चित्र तिला विकत घेण्यासाठी दाखविले होते.

ते चित्र म्हणजे लक्झेंबर्गच्या ‘दुःखितांचे सांत्वन करणाऱ्या माते’चा ताम्रपटावरून छापलेला कागद होता. तळहाताएवढा, साधा, यात्रेकरूंना विकला जाणारा. १ जून १६४२ रोजी तो केवेलारच्या लहानशा मंदिरात बसविला गेला. आज तेथे दरवर्षी लाखो भाविक येतात. १९८७ साली पोप दुसरे जॉन पॉल तेथे येऊन गेले. श्रीलंकेतील यादवीमुळे जर्मनीत आलेले तमिळ भाषक दर ऑगस्टमध्ये हजारोंच्या संख्येने या मातेच्या भेटीला जमतात. साड्या नेसलेल्या स्त्रिया आणि तमिळ भक्तिगीते यांनी त्या दिवशी गावाचे रूप पालटून जाते. घर सोडून परमुलखात आलेल्यांना दुःखितांचे सांत्वन करणारी माता जवळची वाटावी, हे स्वाभाविक आहे.

एका तीर्थाहून सैनिकांच्या झोळीतून आलेली स्मरणवस्तू दुसऱ्या तीर्थाचे हृदय बनली. कागदाची किंमत काही पैशांचीच होती. त्याभोवती जमलेल्या माणसांनी त्याला मोल दिले.

बाजार आणि मिस्सा : एकच शब्द

जर्मन भाषेत ‘मेसे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक पवित्र मिस्सा आणि दुसरा मोठा व्यापारी बाजार. चर्चच्या सणाला मिस्सासाठी लोक जमत, लोक जमले की व्यापारी येत आणि अशा रीतीने एकाच शब्दात दोन्ही अर्थ नांदू लागले. ऱ्हाईन नदीच्या परिसरात गावजत्रेला ‘किर्मेस’ म्हणतात. तो शब्द चर्च आणि मिस्सा या दोन शब्दांच्या जोडणीतून आला. आरंभी उल्लेखिलेल्या ‘दुल्ट’ या शब्दाचा मूळ अर्थही सण असाच आहे. आपल्याकडे मोत मावलीची जत्रा म्हटले, की नवस, मेणबत्त्या, खाजे आणि खेळणी एकदमच डोळ्यांपुढे येतात. जर्मनीतही तसेच आहे.

बव्हेरियात ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी ‘किर्शवाय’, म्हणजे चर्चच्या अभिषेकाचा वार्षिक सण साजरा होतो. कित्येक गावांत त्या वेळी चर्चच्या मनोऱ्यावर लाल-पांढरा ध्वज फडकतो. त्याला लोक ‘जक्कय’ म्हणतात, कारण सणाच्या मिस्साला जक्कयाच्या घरी येशू पाहुणा म्हणून गेल्याचे शुभवर्तमान वाचले जाते. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला तो केवळ एक रंगीत कापडाचा तुकडा दिसतो. ठाऊक असलेला मान वर करून पाहतो आणि मनाशी हसतो. उंच झाडावर चढलेल्या त्या बुटक्या जकातदाराला गावाने चांगली जागा दिली आहे!

आउअर दुल्ट वर्षातून तीनदा, प्रत्येक वेळी नऊ दिवस भरते : मे महिन्याच्या आरंभी, जुलैअखेर संत याकोबाच्या सणाच्या सुमारास आणि ऑक्टोबरात किर्शवायच्या वेळी. चिनी मातीची भांडी, जुनी पुस्तके, पोस्टकार्डे, चित्रे आणि पाळणे असा तिचा थाट असतो. जुन्या वस्तूंचा शोध आणि सणाचा आनंद एकाच अंगणात हवा असेल, तर याहून चांगली जागा आम्हांला ठाऊक नाही. याखेरीज गावोगावी ‘फ्लोमार्क्ट’, म्हणजे शब्दशः पिसवांचा बाजार, भरतो. मुंबईच्या चोरबाजाराची ती सौम्य आवृत्ती समजावी.

वर्षाचे सण आणि त्यांच्या वस्तू

जर्मनीचे लोकोत्सव उपासना-वर्षाच्या चौकटीत बसविले, की सहज समजतात.

*कार्निव्हल.* ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी कोलोनमध्ये कार्निव्हलच्या हंगामाची घोषणा होते. खरा जल्लोष मात्र राखेच्या बुधवारापूर्वीच्या आठवड्यात असतो. त्या सोमवारची मोठी मिरवणूक १८२३ पासून निघते आणि रथांवरून मिठाईचा वर्षाव होतो. येथील खास स्मरणवस्तू म्हणजे कार्निव्हल मंडळांनी दिलेली पदके. लष्करी मानपदकांची ती थट्टा आहे. मोठ्या आकाराची, रंगीबेरंगी आणि साल कोरलेली ही पदके संग्राहक आवडीने जमवितात. मंगळवारी रात्री ‘नुबेल’ नावाच्या गवताच्या बाहुल्यावर सर्वांच्या पापांचा दोष ठेवून त्याला जाळतात आणि दुसऱ्या दिवशी लोक कपाळावर राख लावून घ्यायला चर्चमध्ये जातात. आदल्या दिवसाचे हसणे आणि दुसऱ्या दिवसाची राख यांतील नाते कळल्याशिवाय कार्निव्हल कळत नाही.

*यात्रेचा हंगाम.* मे ते ऑक्टोबर हा पायी यात्रांचा काळ. आल्टऑटिंग हे बव्हेरियातील सर्वांत प्रिय मरियास्थान. १४८९ साली एक बुडालेले बालक मातेपुढे ठेवले असता जिवंत झाले, अशी तेथील परंपरा सांगते. कृष्णवर्णी मरियेच्या लहान अष्टकोनी मंदिराभोवतीच्या पडवीत नवस फेडणाऱ्यांनी लावलेली सुमारे दोन हजार चित्रे आहेत. कोणी घोड्यावरून पडला, कोणाचे मूल आजारातून उठले, कोणी युद्धातून परतला. जवळच्या मार्क्टल गावी १९२७ साली जन्मलेले पोप सोळावे बेनेडिक्ट २००६ मध्ये येथे आले तेव्हा बिशपपदाच्या वेळी भावंडांनी दिलेली आपली अंगठी त्यांनी मातेला अर्पण केली. येथून यात्रेकरू काळ्या मेणबत्त्या नेतात. वादळ-गारपिटीच्या वेळी घरात ती पेटवून शेतकरी प्रार्थना करीत. चालण्याच्या काठीवर ठोकण्याचे लहान, किंचित वाकविलेले धातूचे बिल्ले हीदेखील येथील व डोंगरभागातील आवडती वस्तू. अशा बिल्ल्यांनी मढलेली जुनी काठी म्हणजे एका माणसाच्या पायांचे चरित्रच होय.

*ओबरामरगाऊ.* १६३३ साली प्लेगने माणसे मरू लागली, तेव्हा या गावाने नवस केला, की साथ टळली तर दर दहा वर्षांनी प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य करू. १६३४ मध्ये पहिला प्रयोग झाला आणि तो शब्द गाव आजही पाळीत आहे. २०२० चा प्रयोग साथीमुळेच पुढे ढकलून २०२२ मध्ये करावा लागला. पुढचा प्रयोग २०३० मध्ये अपेक्षित आहे. लाकडी कोरीवकाम, नाटकाची पुस्तिका आणि भूमिकेच्या वेषातील गावकऱ्यांची जुनी पोस्टकार्डे या येथील मुख्य स्मरणवस्तू.

*ऑक्टोबरफेस्ट.* हा मूळचा धार्मिक सण नव्हे. १८१० साली बव्हेरियाच्या युवराज लुडविग व राजकन्या टेरेझा यांच्या विवाहानिमित्त घोड्यांची शर्यत झाली, तिचा हा विस्तार. तरी येथेही एका गुरुवारी सकाळी भव्य तंबूत मिस्सा होते आणि वर्षभर गाव बदलत राहणारे पाळणेवाले, सर्कशीतील कलावंत, दुकानदार तीत सहभागी होतात. या भटक्या कुटुंबांसाठी जर्मन ख्रिस्तसभेने स्वतंत्र धर्मगुरू नेमले आहेत. सर्कशीच्या रिंगणात किंवा पाळण्यांच्या मैदानात बाप्तिस्मे व प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणेही होते. येथील अधिकृत संग्राह्य मग १९७८ पासून दरवर्षी नव्या चित्रासह निघतो.

*संत मार्टिन.* ११ नोव्हेंबरच्या सायंकाळी मुले कागदी कंदील घेऊन घोड्यावरील संत मार्टिनमागे गात चालतात. आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला देणारा हा संत. मुलांना माणसाच्या आकाराचा गोड पाव मिळतो, त्याच्या हातात मातीची पांढरी चिलीम खोवलेली असते. ती मूळची बिशपची दंडिका होती आणि उलटी झाली, असे तेथे सांगितले जाते. पाव त्याच रात्री संपतो. चिलीम मात्र कित्येक घरांत वर्षानुवर्षे खणात पडून राहते.

वस्तूचे वय कसे ओळखावे?

जुनी म्हणून दाखविलेली प्रत्येक वस्तू जुनी नसते. नवशिक्याला उपयोगी पडतील अशा काही खात्रीच्या खुणा पुढे देत आहोत.

पोस्टकार्डाची मागची बाजू पाहावी. जर्मनीत १९०५ पर्यंत त्या बाजूस केवळ पत्ता लिहिण्याची मुभा होती, मजकूर चित्राच्या बाजूस कोपऱ्यात लिहावा लागे. मागे मधोमध रेघ मारून पत्ता व मजकूर असे दोन भाग केले असतील, तर कार्ड त्यानंतरचे. पत्त्यात चार आकडी पिनकोड असेल तर ते १९६१ नंतरचे, पाच आकडी असेल तर जुलै १९९३ नंतरचे.

चिनी मातीची वस्तू, खेळणे वा घड्याळ उलटून पाहावे. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतर रूढ झाले. ‘यू.एस. झोन’ असे असेल तर वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ताब्याच्या काळातील, म्हणजे साधारण १९४५ ते १९४९ मधील. ‘वेस्टर्न जर्मनी’ किंवा ‘डीडीआर’ असे असेल तर ती १९४९ नंतरची आणि १९९० मधील एकीकरणापूर्वीची. देशाची फाळणी आणि पुन्हा एक होणे एका कपाच्या बुडाशी वाचता येते!

ओबरामरगाऊची वस्तू घेताना साल तपासावे. १९२० चा प्रयोग महायुद्धाच्या परिणामांमुळे १९२२ मध्ये झाला आणि १९४० चा प्रयोग झालाच नाही. १९३४ व १९८४ ही अनुक्रमे तीनशेव्या व साडेतीनशेव्या वर्षाची जादा वर्षे. म्हणून ‘माझ्या आजोबांनी १९४० चा प्रयोग पाहिला, त्याची ही आठवण’, असे कोणी म्हणाल्यास हात आखडता घ्यावा.

काय घेऊ नये?

या छंदात पैशाहून मोठा प्रश्न सद्सद्विवेकाचा आहे.

पहिली गोष्ट पवित्र अवशेषांची. बव्हेरियातील मठभगिनी पूर्वी सोनेरी तारा व गुंडाळलेला कागद यांची नाजूक नक्षी करून मध्यभागी संतांच्या अवशेषाचा कण बसवीत. अशा चौकटी जुन्या बाजारात दिसतात. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ११९० व्या कलमाने पवित्र अवशेषांची विक्री पूर्णतः निषिद्ध केली आहे. कोणाला अशी चौकट वारशाने मिळाली असेल, तर ती धर्मगुरूंना दाखवून त्यांचा सल्ला घ्यावा.

दुसरी गोष्ट नवसाच्या वस्तूंची. गुराढोरांचा रक्षक संत लिओनार्ड याला शेतकरी लोखंडी गायी-घोडे अर्पण करीत. आजही बाट टॉल्झ येथे ६ नोव्हेंबरला सजविलेल्या घोडागाड्यांची मिरवणूक त्याच्या मंदिरी जाते. ती लोखंडी जनावरे संग्राहकांना फार आवडतात. परंतु ती कोणी विकण्यासाठी केली नव्हती, देवापुढे ठेवण्यासाठी केली होती. कोणत्या मंदिरातून आली हे विक्रेता सांगू शकत नसेल, तर ती तिथेच ठेवावी.

तिसरी गोष्ट अधिक वेदनेची. नाझी राजवटीची चिन्हे असलेल्या वस्तू जर्मनीत उघडपणे मिरविणे वा त्यांचा प्रसार करणे हा गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला यांसारखे अपवाद तेवढे आहेत. आपल्याकडील मंगलचिन्हाशी साम्य आहे, म्हणून ती निरुपद्रवी समजू नयेत. त्या काळात हद्दपार केलेल्या ज्यू कुटुंबांच्या घरांतील भांडी, फर्निचर, चांदी जाहीर लिलावात विकली गेली. ज्यू उपासनेतील एखादा जुना दीप वा चषक बाजारात दिसला, तर ‘छान आहे’ म्हणण्यापूर्वी तो कोणाच्या मेजावरून उचलला गेला, हा प्रश्न आधी विचारावा. ओबरामरगाऊची १९३४ ची पुस्तिकाही या नजरेने पाहावी. त्या वर्षीचा प्रयोग पाहायला खुद्द हिटलर आला होता. नाटकात ज्यू लोकांचे चित्रण दीर्घकाळ अन्यायकारक होते, त्यावर टीका झाली आणि १९९० पासूनच्या प्रयोगांत ते टप्प्याटप्प्याने बदलण्यात आले. नवस तोच राहिला, गावाने आपली चूक मात्र सुधारली. जुनी पुस्तिका संग्रही ठेवावयाची तर ही गोष्टही तिच्यासोबत ठेवावी.

शेवटची गोष्ट साधी आहे. ऑक्टोबरफेस्टच्या तंबूतील मोठा काचेचा मग पिशवीत घालून नेणे म्हणजे चोरी. दारावरचे रक्षक एकेका वर्षी लाखाच्या आसपास मग परत घेतात. याउलट नाताळबाजारात गरम पेयाच्या मगासाठी अनामत घेतली जाते. मग आवडला तर अनामत सोडून तो प्रामाणिकपणे घरी नेता येतो.

सणात पाहुणा म्हणून जावे

जर्मन लोकोत्सवाचा आनंद घ्यायचा तर केवळ छायाचित्रे काढीत कडेला उभे राहू नये. मिरवणूक दुपारी असेल तर सकाळच्या मिस्साला जावे. भाषा कळली नाही, तरी मिस्सा कळतेच. संत मार्टिनच्या मिरवणुकीत आपल्या मुलांच्या हाती कंदील द्यावा. लांब बाकावर अनोळखी कुटुंबाशेजारी बसावे लागले तर संकोच करू नये, तेथील तीच रीत आहे. परमिसमंत्रांच्या शाल पांघरल्यासारखे गप्प बसण्यापेक्षा, ‘हा सण कशाचा?’ एवढा एक प्रश्न विचारावा. उत्तर देणाऱ्या आजीबाई बहुधा तासभर सोडत नाहीत.

नाताळबाजाराचेच उदाहरण घ्या. न्यूरेंबर्गचा बाजार आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी ‘ख्रिस्तबाळा’च्या वेषातील एक तरुणी चर्चच्या सज्जातून उघडते. दर दोन वर्षांनी तिची निवड होते. २०१९ मध्ये निवडलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतातील होते. एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या वंशावरून कुत्सित शेरा मारला, तेव्हा शहर तिच्या बाजूने उभे राहिले आणि त्या वर्षीचा बाजार तिनेच उघडला. सण कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर न्यूरेंबर्गकरांनी असे दिले.

पेटीच्या बुडाशी लिहिलेली ओळ

या बाजाराच्या इतिहासाचा सर्वांत जुना पुरावा कोणता, असे विचारले तर राजाचे फर्मान किंवा नगरपालिकेचे दप्तर आपल्या मनात येईल. प्रत्यक्षात तो पुरावा म्हणजे पातळ लाकडाची, फुले रंगविलेली, सुमारे १९ सेंटिमीटर लांबीची एक लंबगोल पेटी आहे. न्यूरेंबर्गच्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात ती जपलेली आहे. एका तरुणीने दुसरीला नाताळच्या बाजारानिमित्त ती भेट पाठविली आणि बुडाशी दोघींची नावे, प्रसंग आणि १६२८ हे साल लिहिले गेले. तेवढ्या एका ओळीने चारशे वर्षांनंतर एका शहराला आपल्या सणाचे वय सांगितले. ओळ नसती, तर ती नुसती एक जुनी पेटी राहिली असती.

म्हणून आमची विनंती आहे. जर्मनीला जा किंवा जाऊ नका, आज घरी एवढे करा. वेदीपाशी, कपाटात, पत्र्याच्या डब्यात आजी-आजोबांनी, आई-वडिलांनी यात्रेहून आणलेल्या ज्या वस्तू आहेत, त्या एकदा बाहेर काढा. ज्यांनी आणल्या ते हयात असतील, तर त्यांच्याजवळ बसून विचारा : कुठून आणली, कधी, कोण बरोबर होते, काय मागणे मागितले होते? उत्तर एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी वस्तूसोबत ठेवा. अर्धा तास लागेल.

म्युनिकच्या त्या पत्र्याच्या पेटीतील शे-दीडशे चित्रांमागे शे-दीडशे प्रवास होते. आम्हांला त्यांतील एकच ऐकू आला आणि तोही अर्धाच. ‘आईने आणले, १९५१.’ लिहिणाऱ्याने आईचे नाव लिहिले असते, तर आज आपण सर्वांनी तिच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना केली असती. आता नावाशिवाय करू या.